डेटा सेंटरची राखण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली सोळा वर्षं मी गोव्यात सर्व्हर रूमची दारं, कुलपं, कॅमेरे आणि नोंदवह्या तपासण्याचं काम करतो. पतसंस्था, इस्पितळं, औषध कारखाने, हॉटेलं अशा ठिकाणांहून तेच तेच प्रश्न फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येत राहतात. अलीकडे त्यांची संख्या फारच वाढली, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अडचणीचे शेवटी.

१. फायरवॉल आहे, अँटिव्हायरस आहे, पासवर्ड बदलत असतो. मग दारावर एवढा खर्च कशाला?

फायरवॉल तारेतून येणाऱ्याला अडवते. पायांनी चालत येणाऱ्याला ती दिसतही नाही. जो सर्व्हरसमोर उभा राहू शकतो तो डिस्क काढून खिशात घालू शकतो, नेटवर्कच्या तारेत आपलं यंत्र अडकवू शकतो किंवा नुसता मेन स्विच पाडू शकतो. मेन स्विच पाडायला तर कसलंच ज्ञान लागत नाही. फिजिकल सिक्युरिटी म्हणजे या माणसाला रोखणं, तो आत गेलाच तर त्याची नोंद असणं, आणि त्याच्याबरोबर आग, पाणी, उंदीर यांनाही दूर ठेवणं.

२. या राखणीची मागणी आताच का वाढली? पूर्वी एक कुलूप पुरत होतं.

एकाच वेळी तीन-चार कारणं जुळून आली. पहिलं म्हणजे यंत्रांची किंमत. एआयसाठी लागणारा आठ ग्राफिक्स प्रोसेसरचा एकच सर्व्हर दोन-तीन कोटींच्या घरात जातो, आणि असे कित्येक एका रांगेत उभे असतात. दुसरं, कायदा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. वाजवी सुरक्षा न ठेवल्याने डेटा फुटला तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. ‘वाजवी सुरक्षा’ म्हटलं की दार त्यात आलंच.

तिसरं कारण म्हणजे ग्राहकांचं ऑडिट. आयएसओ २७००१ या माहिती सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०२२च्या आवृत्तीत ९३ नियंत्रणं आहेत, त्यातली १४ निव्वळ फिजिकल आहेत. वेर्ण्याच्या औषध कारखान्याला परदेशी ग्राहक आता सर्व्हर रूमचं दार दाखवायला सांगतो. शिवाय केंद्र सरकारने २०२२ मध्ये डेटा सेंटरना पायाभूत सुविधांचा दर्जा दिला, त्यानंतर देशभर बांधकामं वाढली. जितक्या इमारती, तितकी दारं आणि तितकेच रक्षक.

३. मोठी डेटा सेंटरं नवी मुंबईत आणि चेन्नईत. गोव्यात आम्हाला याचं काय?

समुद्राखालच्या केबली मुंबई-चेन्नईला किनाऱ्याला लागतात, म्हणून मोठी केंद्रं तिकडे उभी राहिली. ऐरोली, रबाळे, महापे हा पट्टा तर त्यासाठीच ओळखला जातो. पण तुमच्या म्हापशाच्या पतसंस्थेतल्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन रॅक (सर्व्हर बसवायची कपाटं), यूपीएस आणि हजारो खातेदारांची माहिती आहे. तत्त्वं तीच, आकार छोटा. उलट छोट्या खोलीला धोका अधिक असतो, कारण तिथे चोवीस तास कुणी नसतं. तुमचे सर्व्हर नवी मुंबईत भाड्याच्या जागेत असतील तर प्रश्न १३ पाहा.

४. कुंपणापासून रॅकपर्यंत नेमके थर कोणते?

गोव्यात गावच्या वेशीवर राखणदार असतो, अंगणाला गडगा असतो, मग पडवी, मग माजघर, आणि दागिन्यांची पेटी सगळ्यात आत. डेटा सेंटरची रचना हीच आहे. हद्दीची भिंत आणि फाटक, गाडी अंगावर घालता येऊ नये म्हणून रोवलेले खांब, मग इमारतीचं दार आणि ओळखपत्र तपासणारा रक्षक, मग सर्व्हर हॉलचं दार, त्यात जाळीचा पिंजरा, आणि शेवटी रॅकचं स्वतःचं कुलूप. प्रत्येक थरावर आत जाणाऱ्यांची यादी आधीच्यापेक्षा लहान हवी. फाटकातून शंभर माणसं येत असतील तर रॅकची किल्ली चौघांकडेच असावी.

लोक दारावर लक्ष देतात आणि भिंत विसरतात. २००७ मध्ये शिकागोतल्या एका डेटा सेंटरमध्ये चोर भिंत कापून आत शिरले होते. आपल्याकडे तर कापावीही लागत नाही. डिचोलीच्या एका कार्यालयात मी टेबलावर उभं राहून फॉल्स सीलिंगची एक फरशी उचलली, टॉर्च मारला, तर शेजारच्या पॅन्ट्रीतला चहाचा ओटा दिसला. मधली भिंत छतापर्यंत गेलीच नव्हती. खाली साठ हजारांचं बायोमेट्रिक दार, आणि वरून माणूस सहज सरकेल एवढी पोकळी. तुमच्याकडेही आजच एक फरशी उचलून बघा.

५. मॅनट्रॅप म्हणजे काय? छोट्या खोलीला जमतो का?

दोन दारांमधली एका माणसापुरती जागा. पहिलं दार बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही, त्यामुळे एकाच्या कार्डावर दोघे आत जाऊ शकत नाहीत. मोठ्या केंद्रांत तिथे वजनही मोजतात. छोट्या खोलीला जागा नसते, आणि तो हट्ट धरूही नये. एक दार, आपोआप बंद होणारा क्लोजर, आणि वीस सेकंदांहून जास्त उघडं राहिलं तर वाजणारी घंटा एवढं केलं तरी मागोमाग घुसणं बरंच थांबतं. घंटा अशा जागी लावा की कुणालातरी उठून ती बंद करावी लागेल.

६. आमच्या काही लोकांचा बोटाचा ठसा यंत्र घेतच नाही. यंत्र खराब आहे का?

यंत्र बहुधा ठीक असतं. सत्तरी तालुक्यातल्या एका ठिकाणी एका मावशींचा ठसा महिनाभर लागत नव्हता. सफाईचं काम त्यांच्याकडे, आणि आत जाताना रोज कुणीतरी दार उघडून द्यायचं. मी त्यांचा हात उजेडात धरला तर बोटांची टोकं गुळगुळीत, रेषाच नाहीत. आधी त्यांनी बारा वर्षं काजूच्या कारखान्यात बिया फोडल्या होत्या. टरफलातलं तेल कातडी जाळतं, रेषा झिजतात. गवंडी, सिमेंटचं काम करणारे, सतत साबणपाण्यात हात असणारे यांचीही हीच गत होते. पावसाळ्यात ओल्या बोटांची भर पडते.

अशा माणसाला ‘दुसऱ्याबरोबर आत जा’ असं सांगू नका. त्याने नोंदच नाहीशी होते, आणि त्या माणसाचा रोज अपमान होतो. त्याला कार्ड आणि पिन द्या, किंवा चेहरा ओळखणारं यंत्र बसवा. मावशींना आम्ही कार्ड आणि पिन दिला. चार आकडे त्यांनी दुसऱ्या दिवशी न चुकता दाबले.

७. कार्डाची कॉपी निघते म्हणतात. खरं का?

खरं आहे. आपल्याकडे सर्रास विकली जाणारी १२५ किलोहर्ट्झची जाड पांढरी कार्डं स्वस्तातल्या यंत्राने काही सेकंदांत उतरवून घेता येतात. मायफेअर क्लासिक या दुसऱ्या प्रचलित कार्डाची सांकेतिक रचना तर २००८ मध्येच फुटली. नवी कार्डं घेताना मायफेअर डेसफायरसारखी एन्क्रिप्शन असलेली मागा आणि दारावरचा कार्ड वाचणारा रीडरही त्याच जातीचा आहे का ते विचारा. नुसतं कार्ड बदलून रीडर जुनाच ठेवणारे विक्रेते मी पाहिले आहेत. सर्व्हर रूमसाठी कार्डाबरोबर पिन किंवा चेहरा हवाच.

८. पावसाळ्यात सगळंच बिघडतं. काय करावं?

हा खास आपला प्रश्न, आणि मुंबईच्या विक्रेत्याच्या माहितीपत्रकात याचं उत्तर सापडत नाही. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. लाकडी दार फुगतं, लॅच बसत नाही, आणि जुलैत कुणीतरी दाराला अग्निशामक नळकांडं टेकवून ते उघडं ठेवतं. ऑक्टोबरपर्यंत ते तसंच राहतं. दार लोखंडीच हवं, आणि त्याच्या फटीला रबर.

किनाऱ्याजवळ, मिरामार-कळंगुट पट्ट्यात, खारी हवा मॅग्नेटिक लॉकची पट्टी गंजवते. पट्टी लोहचुंबकाला पूर्ण चिकटली नाही की धक्क्याने दार उघडतं, आणि दिवा मात्र हिरवा दिसत राहतो. दर तीन महिन्यांनी ती पुसून, दार जोरात ओढून पाहावं. रीडरच्या डब्यात मुंग्या घर करतात, केबलच्या भोकातून उंदीर येतात. भोकं सिलंटने बुजवा आणि उंदरांसाठी स्टीलची जाळी ठोका. चिऱ्याची भिंत पाणी शोषते, त्यामुळे रॅक भिंतीला टेकवून ठेवू नका.

विजेचंही पाहा. गोव्याला बहुतेक वीज बाहेरून येते. मे २०२१ च्या तौक्ते वादळात झाडं पडून कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. जनरेटर सर्व्हरला असतो, पण दार आणि कॅमेरे त्या लाइनवर जोडलेले आहेत का, हे फार थोडे लोक तपासतात.

९. कॅमेरे किती आणि फुटेज किती दिवस ठेवायचं?

संख्येपेक्षा जागा महत्त्वाची. आत येणाऱ्याचा चेहरा, बाहेर जाणाऱ्याचा चेहरा, आणि रॅकच्या पुढच्या-मागच्या गल्ल्या दिसल्या पाहिजेत. रेकॉर्डर त्याच खोलीत ठेवू नका, चोर तोही नेतो.

दिवसांबाबत दोन नियमांची सरमिसळ होते. कार्ड पेमेंटची माहिती जिथे साठते किंवा प्रक्रिया होते, तिथल्या संवेदनशील जागांच्या प्रवेशाचं फुटेज किंवा नोंदी पीसीआय मानकाप्रमाणे किमान तीन महिने ठेवायच्या. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांतले १८० दिवस हे संगणक यंत्रणांच्या लॉगसाठी, म्हणजे आपोआप होणाऱ्या नोंदींसाठी, आहेत. दाराच्या प्रवेश यंत्रणेचे लॉगही मी त्यात धरतो आणि १८० दिवस ठेवायला सांगतो. घटना कळवण्यासाठी त्याच निर्देशांत सहा तासांची मुदत आहे. नवे कॅमेरे घेत असाल तर एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या सरकारी सुरक्षा चाचणीचं प्रमाणपत्र विक्रेत्याकडे मागा.

१०. आग लागली तर दार आपोआप उघडावं की बंद राहावं?

माणसासाठी आतून उघडलंच पाहिजे, त्यात तडजोड नाही. मॅग्नेटिक लॉक वीज गेल्यावर सुटतो. काही इलेक्ट्रिक स्ट्राइक (चौकटीत बसवलेली विजेवरची कडी) वीज गेल्यावर बाहेरून बंदच राहतात, पण आतून दांडा दाबून बाहेर पडता येतं. सर्व्हर रूमला हा दुसरा प्रकार मला जास्त पटतो. मॅग्नेटिक लॉक असेल तर फायर अलार्मशी जोडा आणि आतल्या बाजूला हिरवी ‘तोडा आणि उघडा’ पेटी लावा. दार उघडलं की त्या क्षणापासून तिथे रक्षक उभा राहायला हवा, कारण फायर अलार्म वाजवून दार उघडवणं ही चोरीची जुनी युक्ती आहे. वर्षातून दोनदा खरोखर अलार्म वाजवून हे करून पाहा.

११. चोरीपेक्षा आगीचीच भीती जास्त नाही का?

माझं प्रामाणिक मत: हो. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात एक पाच मजली डेटा सेंटर एका रात्रीत जळून गेलं. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियातल्या देजॉन इथे सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम-आयन बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना आग लागली. सहाशेहून अधिक सरकारी यंत्रणा बंद पडल्या आणि कर्मचाऱ्यांच्या फायलींचा ८५८ टेराबाइट साठा गेला, कारण त्याची बाहेर प्रत नव्हती. म्हणून यूपीएसच्या बॅटऱ्या सर्व्हरच्या खोलीत नकोत. मध्ये आग अडवणारी भिंत हवी.

शेजारीही बघा. जानेवारी २०२३ मध्ये पिळर्ण औद्योगिक वसाहतीत रंगाच्या कारखान्याला लागलेली आग आठवत असेलच. वसाहतीत जागा घेताना भिंतीपलीकडे काय साठवलं जातं ते विचारा.

गॅसने आग विझवण्याबद्दल एकच सांगतो. २०१६ मध्ये बुखारेस्टमध्ये एका बँकेच्या डेटा सेंटरात गॅसच्या चाचणीच्या वेळी नळीतून इतका मोठा आवाज झाला की हार्डडिस्क बंद पडल्या आणि बँकेची सेवा दहाएक तास थांबली. आवाज कमी करणारे नोझल मागा.

१२. एसीवाला, वायरमन, झाडूवाली बाई यांना किती विश्वासाने सोडायचं?

विश्वास ठेवा, नोंदही ठेवा. आइसलंडमध्ये २०१७-१८ च्या हिवाळ्यात डेटा सेंटरांतून सुमारे सहाशे संगणक चोरीला गेले, आणि पकडलेल्यांत एक सुरक्षारक्षक होता. आतला माणूस सामील असला की कुलूप काय करणार?

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. उत्तर गोव्यातल्या एका कार्यालयात, नाव लिहीत नाही, मी एसी दुरुस्तीवाल्याचा शर्ट घालून शिडी घेऊन गेलो. ठरवून केलेली चाचणी होती. ‘एसीचं काम’ एवढं म्हटल्यावर सर्व्हर रूमची किल्ली माझ्या हातात आली, वर चहाही आला. सव्वा तास मी आत एकटा होतो. त्या माणसांचा चांगुलपणा खरा होता, त्यांना दोष देण्यासारखं काही नव्हतं. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी एक वही ठेवायला लावतो: नाव, फोटो ओळखपत्र, कुणी बोलावलं, किती वाजता आत, किती वाजता बाहेर, आणि सोबत कोण उभं होतं. सोबत उभा राहिलेल्या माणसाची सही घ्यायची विसरू नका.

१३. आमचे सर्व्हर नवी मुंबईत भाड्याच्या जागेत आहेत. तिथे काय तपासायचं?

वर्षातून एकदा स्वतः जा, रेल्वेने एका रात्रीचा प्रवास आहे. आधी न कळवता तुमच्या जुन्या, सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचं नाव अजून यादीत आहे का ते विचारा. मला बहुतेक वेळा ते सापडलं आहे. तुमच्या पिंजऱ्याचे गेल्या महिन्याचे प्रवेश लॉग मागा आणि आपल्या कामांच्या तारखांशी जुळवा. ‘टियर ३’ किंवा ‘टियर ४’ एवढ्यावर समाधान मानू नका. ती श्रेणी मुख्यतः वीज आणि कूलिंग किती खंड न पडता चालेल हे सांगते, दारावर कोण आहे हे नाही.

१४. जुन्या हार्डडिस्क भंगारवाल्याला दिल्या तर?

देऊ नका. अमेरिकेतल्या एका मोठ्या वित्तसंस्थेच्या जुन्या डिस्क न पुसता लिलावात विकल्या गेल्या, आणि २०२२ मध्ये तिला साडेतीन कोटी डॉलर दंड भरावा लागला. डिस्कला ड्रिलने भोक पाडणं काहीच न करण्यापेक्षा बरं, पण चिपांवर माहिती साठवणाऱ्या एसएसडीच्या एखाद्या चिपला ते चुकून लागतही नाही. नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रण करणाऱ्याकडून, तुमच्यासमोर चुरा करून, प्रत्येक डिस्कच्या अनुक्रमांकासह प्रमाणपत्र घ्या.

१५. माझा भाऊ खाण बंद झाल्यापासून रिकामा आहे. सिक्युरिटीच्या कामात त्याला भवितव्य आहे का?

हा प्रश्न डिचोली, सत्तरी, सांगे इथून फार येतो. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा ट्रकवाले, मशीनवाले असे कित्येक घरी बसले. त्यातली काही माणसं आज माझ्या ओळखीतले सर्वोत्तम रक्षक आहेत. यंत्रांची सवय, रात्रपाळीची सवय आणि वहीत नीट लिहिण्याची शिस्त त्यांच्याकडे आधीच असते.

खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा कायदा आहे. केंद्राच्या आदर्श नियमांप्रमाणे रक्षकाला किमान शंभर तास वर्गात आणि साठ तास प्रत्यक्ष प्रशिक्षण हवं. माजी सैनिक आणि पोलिसांसाठी ते चाळीस आणि सोळा तासांचं आहे. भावाला सांगा, एजन्सीकडे परवाना आहे का आणि प्रशिक्षण देते का ते आधी विचार. जी एजन्सी गणवेश देऊन दुसऱ्याच दिवशी फाटकावर उभं करते तिथे जाऊ नकोस. प्रवेश यंत्रणा आणि कॅमेरे हाताळायला शिकला तर कंट्रोल रूममध्ये जागा मिळते आणि पगारही वाढतो.

कंपन्यांनाही एक सांगायचं आहे. कोट्यवधींच्या यंत्रांसमोर बारा-बारा तास उभ्या माणसाला बसायला खुर्ची नसते, पावसात छप्पर नसतं. हे मला दर ऑडिटला दिसतं आणि दर ऑडिटला मी ते अहवालात लिहितो.

१६. सुरक्षा जास्त झाली असं कधी होतं का?

होतं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप सुमारे सहा तास बंद होतं. नेटवर्कच तुटल्याने दुरुस्तीसाठी माणसांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावं लागलं, आणि तिथली कडक प्रवेशव्यवस्था ओलांडायला वेळ गेला. म्हणून नेटवर्क न लागता उघडणारी एक खरी किल्ली मोहोरबंद पाकिटात, दोन जबाबदार माणसांच्या सहीने ठेवा. मोहोर तुटली आहे का ते दर महिन्याला पाहा.

१७. इमारतीवर ड्रोन घिरट्या घालताना दिसला तर पाडायचा का?

नाही. दगड, बंदूक, जॅमर काहीच नको; जॅमर खासगी माणसाला वापरताच येत नाही. वेळ लिहा, व्हिडिओ काढा, पोलिसांना कळवा. बऱ्याचदा तो लग्नाचं शूटिंग करणारा असतो.

१८. पोलीस सर्व्हर जप्त करायला आले तर रक्षकाने काय करावं?

अडवू नये आणि गोंधळूही नये. ओळखपत्र आणि कागद पाहून वहीत नोंद करावी, जबाबदार अधिकाऱ्याला व वकिलाला लगेच फोन करावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे (नवा फौजदारी प्रक्रिया कायदा) झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण व्हायला हवं. पंचनाम्याची प्रत मागा, त्यात डिस्कचे अनुक्रमांक आहेत का पाहा.

१९. चेअरमनच पाहुणे घेऊन आले, यादीत नावं नाहीत. रक्षकाने काय करायचं?

थांबवायचं. आणि थांबवल्याबद्दल त्याला ओरडा बसणार नाही हे चेअरमननी स्वतः, लेखी, आधीच कळवलेलं हवं. तो कागद रक्षकाच्या टेबलावर काचेखाली ठेवा. अपवाद एकच: जिवाला धोका असेल तेव्हा, तोही प्रश्न १० मध्ये सांगितल्याप्रमाणे.

गेल्या आषाढात कुंडईच्या एका ठिकाणी मी ऑडिटला पोचलो. भेट ठरलेली होती, पण कार्यालयाने यादीत माझं नाव घालायचं राहून गेलं. फाटकावरच्या साठीच्या गृहस्थांना मी कंपनीचं पत्र दाखवलं. त्यांनी ते चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि परत दिलं. म्हणाले, ‘साहेब, पत्र बरोबर आहे, पण नाव माझ्या यादीत नाही. इथे बसा, मी फोन लावतो.’ आपली खुर्ची त्यांनी मला दिली आणि स्वतः छत्री घेऊन उभे राहिले. पंचवीस मिनिटांनी आतून होकार आला, तेव्हा त्यांनी माझं नाव यादीत लिहिलं, वेळ टाकली, सही घेतली आणि मगच फाटक उघडलं.